गळ्यातली नक्कल

"हैबत्या, अक्कल नव्हं ती. नशीब म्हणत्यात त्याला."

हैबती तिथं नव्हताच. जालंदर एकटाच बडबडत तालमीत शिरला. आत मौला वस्ताद आखाड्याची माती चाळत बसलं हुतं. जालंदर आन् हैबती, दोघंबी त्यांच्याच हाताखाली कुस्ती शिकलेलं. आता दोघांचीबी गावात दुधाची डेरी, समोरासमोर.

"काय झालं रं?"

"त्याच्या डेरीवर वीज पडली, वस्ताद. काम्प्युटरचा कोळसा झाला. म्हटलं, बसला आता बोंबलत. तर सांजच्याला गडी दूध मापतोय. कुणाचं किती लिटर, कुणाची किती फॅट, समदं जिथल्या तिथं."

"मग तुझ्या पोटात का दुखतंय?"

"माझी मानसं त्याच्याकडं दूध घालाया लागली. म्हणत्यात, उद्या तुझ्यावर वीज पडली तर आमचा हिशेब कुठं हुडकायचा?"

"कुठं हुडकायचा?"

जालंदरनं शर्टातनं काळा दोरा भाईर वढला. दोऱ्याला पेनड्राइव्ह.

"ही काय नक्कल. ताइतावानी घातलीया. आंघोळीलाबी काढत न्हाई."

"आन् हैबतीची?"

"बहिणीच्या गावात, तिच्या कपाटात. आन् दर अवसेला ते येडं आपल्याच हातानं काम्प्युटर बंद करतंय. ती नक्कल आणून दुसऱ्या मशीनवर दिसभर दूध मापतंय. समदं गाव हसायचं त्याला."

"आता हसतंय?"

"तुमीच त्याला कायतरी येगळं शिकवलंसा, वस्ताद. लाडका तुमचा. मला का न्हाई सांगितलं?"

वस्ताद उठलं. जवळ आलं. जालंदरला वाटलं, खांद्यावर हात ठेवत्याल.

त्यांनी टांग मारली.

जालंदर आडवा. पर पडता पडताच हनुवटी छातीला टेकली, हात मातीवर थापला.

"लागलं?"

"न्हाई."

"का न्हाई?"

"पैल्या साली तुमी दुसरं केलंसा काय? रोज पाडत तर हुता."

"हैबतीला तेवढंच शिकवलं."

जालंदर मातीतच बसून राहिला. हात आपसूक दोऱ्याकडं गेला.

"ते कधी काम्प्युटरला लावून बघितलंस?"

जालंदरनं दोरा परत शर्टात सारला.

"दूध कवा येतंय तुझ्याकडं?"

"येईल की आता, घटकाभरात."

"जा. काम्प्युटरची वायर उपस. आन् दूध माप."