राजाची नळी आणि रुप्याच्या चाळण्या

फार फार जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही जरा कान द्यावा.

एका डोंगरी राज्याचा राजा म्हातारा झाला होता. गुडघे धरल्यामुळे त्याला गडावरून खाली उतरवत नसे, पालखीचे हादरेही सोसवत नसत. गडाच्या पायथ्याशी एक गायिका राहायची, वयाने राजाहून मोठी. लहानपणी तिनेच राजाला सूर शिकवले होते. सारं गाव तिला आक्का म्हणायचं, राजाही आक्काच म्हणायचा. तिचं गाणं अंतरलं म्हणून राजा झुरू लागला.

शेवटी कुंभारांनी युक्ती काढली. भाजलेल्या मातीच्या नळ्या एकीत एक बसवत त्यांनी आक्काच्या ओसरीपासून थेट राजाच्या पलंगापर्यंत एक लांब नळी आणली. रोज सकाळी आक्का खाली गायची आणि राजा वर नळीला कान लावून ऐकायचा. दोन वर्षं सुखाची गेली.

मग एक दिवस राजाला सुरात खरखर जाणवली. दुसऱ्या दिवशीही जाणवली.

दरबारात एक व्यापारी आला होता. तो म्हणाला, "महाराज, नळी बाजारातून येते, तबेल्यामागून येते. वाटेतला गलका गाण्याला चिकटतो. ही रुप्याची चाळणी नळीच्या तोंडाशी बसवा. गाणं आत येईल, गलका बाहेर राहील."

चाळणी बसवली. राजा डोळे मोठे करून म्हणाला, "अहाहा! सूर कसा धुऊन काढल्यासारखा वाटतोय!" दरबाऱ्यांनीही माना डोलवल्या.

आठवड्याभरात खरखर परत आली. व्यापाऱ्याने आणखी बारीक जाळीची चाळणी दिली, मग त्याहून बारीक. अशा सात झाल्या. प्रत्येक नवी चाळणी आली की राजाला चार दिवस बरं वाटे.

राणी पलंगाशी सुपारी कातरत बसलेली असे. ती म्हणाली, "मला मेलीला काही फरकच कळत नाही."

"तुझा कान कच्चा आहे."

"असेल हो. पण तुमचा तर पक्का आहे ना? मग डोळे मिटून ऐका. मी कधी चाळण्या ठेवीन, कधी काढीन. तुम्ही नुसतं ओळखायचं."

दहा दिवस हा खेळ चालला. राणी भिंतीवर कोळशाने रेघा ओढी. चौथ्या दिवशी राजा म्हणाला, "आज सातही आहेत. काय निर्मळ सूर आहे!" त्या दिवशी सातही चाळण्या राणीच्या मांडीवर होत्या.

दहाव्या दिवशी राजाने रेघा पाहिल्या. पाच वेळा बरोबर, पाच वेळा चूक. कवडी उडवून सांगितलं असतं तरी एवढंच जमलं असतं.

"म्हणजे मी स्वतःलाच फसवत होतो," तो हळूच म्हणाला.

राणीने त्याच्या हातावर हात ठेवला. "गाणं चांगलं ऐकू यावं असं तुम्हाला मनापासून वाटत होतं, एवढंच."

राजाने व्यापाऱ्याला बोलावलं. तो बिचारा रडकुंडीला आला. "महाराज, मलाही फरक ऐकू यायचा हो!" राजाने त्याच्यावर राग धरला नाही. चाळण्या परत देत तो म्हणाला, "यापुढे कुणाला देशील तर आधी त्याला डोळे मिटायला सांग."

व्यापारी गेला. राजा मात्र अस्वस्थच होता. "पण खरखर तर आहे. ती काही माझ्या मनाची नाही."

"नाही. मलाही ऐकू येते," राणी म्हणाली. "पण गाणं थांबलं की नळीत काहीच ऐकू येत नाही, ना बाजार ना तबेला."

"मग नळीत नाही तर ती कुठे आहे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. राजाचा चेहरा उतरला. हादऱ्यांची पर्वा न करता त्याने तेव्हाच पालखी मागवली.

ओसरीवर आक्का घोंगडी पांघरून भिंतीला टेकली होती. अंगात ताप होता, श्वास छातीत घरघरत होता. तरी ती गाण्यासाठी नळीकडे सरकत होती.

"कधीपासून गं हे?" राजाने विचारलं.

"झाले की तीन महिने."

"मग बोलली का नाहीस? याच नळीत दोन शब्द बोलली असतीस, तर मला ऐकू आले असते."

आक्का हसली. "राजे, वरून कधी कुणी विचारलंच नाही. मला वाटलं, तुम्हाला गाणं तेवढं हवंय. ते थांबलं तर तुम्ही एकटे पडाल, म्हणून रेटत राहिले."

तिचा तापलेला हात हातात घेऊन राजाने लगेच वैद्यांना बोलावणं धाडलं.

वैद्य आले, औषधं सुरू झाली. चार महिने गाणं बंद होतं. रोज सकाळी राजाच नळीत तोंड घालून विचारायचा, "आक्का, झोप लागली का? पेज घेतलीस का?" आणि खालून उत्तर यायचं.

आक्का बरी झाली, पुन्हा गाऊ लागली. आवाजातली थोडी खरखर मात्र कायमची राहिली. राजा ती प्रेमाने ऐकायचा. आणि आधी तिची खुशाली कळल्याशिवाय त्याने तिला पुन्हा कधी गायला लावलं नाही.

म्हणून सांगतो, आपल्या माणसाचा आवाज बदलला, तर वाटेतले दोष शोधत बसण्याआधी त्या माणसाची विचारपूस करावी.