दीड दिवसांचे सासरे

एका गावात एक भोळा माणूस होता. तसे भोळे त्या गावात बरेच होते, पण कोणी नुसतं 'भोळा' म्हटलं की सगळ्यांची बोटं गेनबाच्या घराकडं वळत. अंगानं चांगला दांडगा. दोन पोती एका खांद्यावर घेऊन चढ चढायचा. सांगाल ते करायचा आणि सांगाल तसंच करायचा. सगळी भानगड तिथंच होती.

आई होती तोवर तिनं गेनबाला सणावारांपासून लांब ठेवलं. सणाच्या दिवशी ती त्याला पाटावर बसवायची, पुरणपोळी वाढायची आणि दाराला बाहेरून कडी घालायची. त्यामुळं गेनबा तिशीला आला तरी सण म्हणजे पुरणपोळी आणि कडी, एवढंच त्याला ठाऊक. पुढं आई गेली. माघात गेनबाचं हौसाशी लग्न झालं. हौसाला कडीची गोष्ट कोणी सांगितलीच नाही. घरातल्या कर्त्या माणसानं सण करावा, असं तिला आपलं साधं वाटायचं.

पहिला आला शिमगा. हौसानं सांगितलं, चार गोवऱ्या घेऊन होळीपाशी जा, पालथी मूठ तोंडावर धरा आणि बोंब मारा. गेनबा गेला. त्यानं अशी बोंब मारली की होळीभोवतीची माणसं दोन पावलं मागं सरली. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. गेनबाला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी शाबास म्हणत होतं. सण आला की बोंब मारायची, हे त्यानं मनात पक्कं केलं.

पंधरा दिवसांनी पाडवा आला. पाटलांच्या दारात गुढी उभी राहत होती. गेनबा सकाळीच तिथं गेला आणि तोंडावर मूठ धरून त्यानं जीव तोडून बोंब ठोकली. पाटलांची म्हातारी आई महिनाभर अंथरुणाला खिळलेली. गावाला वाटलं, गेली. बायका पदर डोळ्यांना लावत धावल्या. दोघं जण बांबू तोडायला ओढ्याकडं पळाले. तेवढ्यात म्हातारीच काठी टेकत ओसरीवर आली आणि कोण गेलं म्हणून विचारू लागली.

हौसानं त्याला घरी नेलं आणि नीट समजावलं. आज बोंब मारत नाहीत. आज नवं लुगडं नेसवायचं, कडुलिंबाचा डहाळा बांधायचा, साखरेची गाठी घालायची, वर तांब्या पालथा घालायचा आणि हात जोडायचे.

"एवढंच ना?" गेनबा म्हणाला. "आदी का न्हाई सांगितलंस?"

मग पोळा आला. गेनबानं गोठ्यातला पाखऱ्या बैल अंगणात आणला. हौसाचा लग्नातला शालू त्याला नेसवला. कडुलिंब बांधला, गाठी घातली आणि दोन्ही शिंगांवर एकेक तांब्या पालथा घातला. हौसा आत पुरण वाटत होती. गेनबा हात जोडून उभा राहिला. इथवर सगळं ठीक होतं. मग शेजारच्या बैलाला गाठीचा वास आला. त्यानं ती ओढली, तांबे एकमेकांवर आदळले आणि त्या आवाजानं पाखऱ्या बिथरला. शालू नेसलेला बैल तांबे वाजवत सगळ्या गावातून पळाला. तो सापडला संध्याकाळी. शालू सापडला ओढ्यात, बाभळीला अडकलेला.

हौसा रडली. शालू चांगला होता हो. पण रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि पुन्हा समजावलं. बैलांच्या सणाला त्यांचे खांदे तूप-हळदीनं मळायचे. मग त्यांना म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

गेनबानं मान डोलावली. चारच दिवसांनी गणेश चतुर्थी होती. हौसानं त्याला कुंभाराकडं गणपती आणायला पाठवलं आणि ती भाकरतुकडा, पाणी घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. गेनबा आला तो रिकाम्या हातानं. त्याचे दोन्ही तळहात मात्र लाल-पिवळे झाले होते.

"देव कुठायत?" हौसानं विचारलं.

"खांदं मळून दिलं. आवतण दिलं. उद्या येत्यात जेवायला."

मागोमाग कुंभार आला. त्याच्या मूर्तीच्या खांद्यांचा सगळा रंग गेनबाच्या हातांवर गेला होता. हौसानं त्याची समजूत घातली, स्वतः जाऊन गणपती आणला आणि या वेळी गेनबाला एकेक गोष्ट हाताला धरून शिकवली. देव घरी आले की त्यांना चौरंगावर बसवायचं. बसवलेले देव हलवायचे नाहीत. ताट पुढं ठेवायचं, भोवती पाणी फिरवायचं, डोळे मिटायचे. मग ताट उचलायचं आणि आपण जेवायचं. सकाळ-संध्याकाळ आरती. दीड दिवस झाला की पाटावर घेऊन नदीवर जायचं, तीन वेळा बुडवून काढायचं, चौथ्यांदा सोडून द्यायचं, पुढच्या वर्षी लवकर या म्हणायचं आणि मागं वळून न बघता मूठभर वाळू घेऊन घरी यायचं.

गेनबानं सगळं अगदी बिनचूक केलं. हौसाला इतका आनंद झाला की तिनं शेजारच्या चार घरांत जाऊन सांगितलं.

पण गावातल्या गोष्टी पलीकडच्या गावात हौसाच्या वडिलांच्या कानावर जायच्या त्या गेल्याच होत्या. बोंब, बैल, कुंभार, सगळं. हे आप्पा म्हणजे अंगानं वाळकी शेंग आणि रागानं तिखट. दिवाळीच्या आधी त्यांचा निरोप आला. मी स्वतः मुराळी म्हणून न्यायला येतोय. दीड दिवस राहीन आणि जावई डोळ्यांनी बघीन. ठीक वाटला तर दोघांनाही दिवाळसणाला नेतो. नाही तर एकट्या लेकीला नेतो, आणि ती परत यायची नाही.

 हौसाला जायचं नव्हतं. गेनबानं शालू ओढ्यात घालवला होता हे खरं, पण लग्न झाल्यापासून तो तिला एक वाकडा शब्द बोलला नव्हता. पाणी तोच आणायचा. जेवलीस का, असं रोज विचारायचा. तिच्या माहेरी असं कोणी कोणाला विचारत नसे.

आप्पा यायच्या दिवशीच सकाळी पलीकडच्या वाडीतून सांगावा आला की गेनबाची म्हातारी आत्या पायरीवरून पडली आणि तिचा पाय मोडला. घरात दुसरं कोणी नाही. गेनबाला पाठवलं असतं तर आत्याचा दुसराही पाय धोक्यात आला असता. हौसाच निघाली. फराळ करून ठेवला होता, स्वयंपाकही करून ठेवला. दारातून ती म्हणाली, "मी उद्या दुपारपतुर येते. तवर आप्पांस्नी देवासारखं सांभाळा. माजं सगळं तुमच्या हातात हाय."

"देवासारखं," गेनबा म्हणाला. "ते मला येतंय."

आप्पा आले. गेनबानं त्यांना चौरंगावर बसवलं, हार घातला, डोक्यावर अक्षता टाकल्या. आप्पा मनातून खूश झाले. लोक उगीच काहीबाही बोलतात, असं त्यांना वाटलं. मग करंज्या, लाडू, चकल्यांचं ताट आलं. गेनबानं ताटाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले, उघडले, ताट उचललं आणि आत जाऊन सगळं खाल्लं.

आप्पा उठू लागले. गेनबानं त्यांना खांदा धरून खाली बसवलं. बसवलेले देव हलवत नाहीत.

दुसऱ्या ताटाच्या वेळी आप्पा शहाणे झाले. गेनबाचे डोळे मिटताच त्यांनी एक शंकरपाळं उचलून तोंडात टाकलं. गेनबानं डोळे उघडले, ताटाकडं पाहिलं आणि तो धावतच बाहेर गेला. देवानं नैवेद्य घेतला, असं त्यानं गल्लीभर सांगितलं. गल्लीला गेनबा माहीत होता, पण घरबसल्या करमणूक कोण सोडतो? वीस-पंचवीस माणसं येऊन रांगेनं आप्पांच्या पाया पडली. एवढे लोक वाकत असताना भूक लागली म्हणायची आप्पांना लाज वाटली. त्यांनी काही बोलायला हात वर केला, तर लोकांना वाटलं आशीर्वाद देताहेत. ते आणखी वाकले.

अशी चार ताटं आली आणि गेली. दोन आरत्या झाल्या. घंटा आप्पांच्या कानाशीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेनबानं आप्पांना पाटावर बसवलं आणि पाट डोक्यावर घेतला. गल्ली झांजा घेऊन मागं निघाली. आप्पा ओरडत होते, पण झांजांपुढं कोणाचं चालतं? नदीत कमरेएवढं पाणी होतं. गेनबानं त्यांना एकदा बुडवून काढलं, दोनदा काढलं, तिसऱ्यांदा काढलं. मग सोडून दिलं, पुढच्या वर्षी लवकर या म्हणाला आणि मूठभर वाळू घेऊन मागं न बघता घरी निघाला.

आत्याकडून परतणाऱ्या हौसानं हे पलीकडच्या काठावरून पाहिलं. तिनं पाण्यात धाव घेऊन आप्पांना बाहेर काढलं. त्यांचे दात वाजत होते.

"बोचकं बांध," आप्पा म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

हौसानं त्यांचे पाय धरले. त्या माणसानं तुम्हाला उपाशी ठेवलं, बुडवलं, सगळं खरं. पण त्याच्या मनात देवाशिवाय दुसरं काही नव्हतं. मला त्याच्याजवळच राहायचंय. एवढं बोलून ती रडू लागली. लेकीला असं रडताना आप्पांनी कधी पाहिलं नव्हतं. शिवाय भूकही फार लागली होती.

घरी येऊन कोरडं धोतर नेसल्यावर ते जावयाला म्हणाले, "शेवटची संधी देतो. आधी जेवू घाल, मग ठरवतो. पण देव करू नगंस मला. तुज्या सोताच्या बापाला जेवू घालतोस, तसं घाल."

"घालतो की," गेनबा म्हणाला. "तेबी मला येतंय."

हौसानं गरम भात, वरण, वडे, खीर असं केळीच्या पानावर वाढलं आणि ती तूप कढवायला आत वळली. आप्पा पाटावर मांडी घालून बसले. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

गेनबाचा बाप जाऊन बारा वर्षं झाली होती.

गेनबानं पान उचललं, शिडीवरून छपरावर नेऊन ठेवलं आणि तो काव काव करत हाका मारू लागला. आप्पा अंगणात येऊन तोंड वर करून बघत राहिले. हौसा तुपाची वाटी घेऊन दारात थिजली. पहिल्याच हाकेला कावळा आला आणि त्यानं वड्यावर चोच मारली.

गेनबाचा चेहरा फुलला. "शिवला," तो वरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "हौसा, बघ, लगेच शिवला. आप्पांची कसलीच इच्छा मागं ऱ्हायली न्हाई."

आता पुढचा विधी कोणता, हे बघायला आप्पा थांबले नाहीत. त्यांनी ओलं पागोटं तसंच डोक्यावर चढवलं आणि गावचा रस्ता धरला. इतक्या घाईनं, की ज्या लेकीला न्यायला आले होते, ती न्यायचीच राहिली.