काळ्या खडकावरची ओसायो

फार फार वर्षं झाली, जपानच्या किनाऱ्यावर शिराइसो नावाचं कोळ्यांचं गाव होतं. तिथं ओसायो आणि ओकिनू या बहिणी बुडी मारून शिंपले काढायच्या. पाण्यावर आली की ओसायो दम सोडताना अशी शीळ घालायची, की धाकट्या ओकिनूला ती डोळे मिटूनही ओळखू यायची.

गावासमोर समुद्रात काळा खडक होता. त्याच्याभोवती बुडी मारायची नाही, तिथं समुद्रदेव राहतो, असं म्हणत.

एकदा गावचा मुखिया तोकुबेई याचा मुलगा तिथंच बुडाला. पाण्यात उतरायला कुणी तयार होईना. तोकुबेई ओसायोच्या पाया पडला.

"बाई, निदान त्याचं तोंड तरी बघू दे मला."

ओसायो उतरली. मुलाला कवेत घेऊन वर आली.

त्या हंगामात जाळी रिकामी येऊ लागली. देव कोपला, तिनं त्याचं पाणी विटाळलं, असं गाव म्हणू लागलं. साऱ्यांनी तोकुबेईकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "मी तिला जा म्हटलं नव्हतं."

मग ओसायोला त्या खडकावर नेऊन सोडलं. देवाची माफी माग म्हणाले. समुद्र असा खवळलेला, की तिलाही पोहून परतता येईना. ओकिनू गरम भात घेऊन किनाऱ्यावर धावली, तर होड्यांची वल्ही मुखियानं घरात कोंडून ठेवलेली. दार बडवून बडवून तिचे हात सुजले. भात निवून गेला.

वादळ शमल्यावर लोकांनी वल्ही घेतली, पण खडकाकडे कुणी गेलं नाही. आधी मासळी, म्हणाले. भर समुद्रात असं धुकं उतरलं, की स्वतःचा हातही दिसेना. तेवढ्यात शीळ ऐकू आली. होड्या शिळेमागून निघाल्या आणि एकूण एक किनाऱ्याला लागल्या. तोकुबेईचीही.

किनाऱ्यावरून शीळ ओळखलेली ओकिनू त्याच होडीत उडी मारून ओरडली, "ताई जिवंत आहे! चला!"

खडकावर ओसायो पडली होती. तिचा जीव जाऊन बरेच दिवस लोटले होते.

गावानं तिथंच तिचं देऊळ बांधलं, पुढे लाल लाकडी कमान उभारली. तोकुबेई ओकिनूला देवळात बोलवायला आला. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "तिला घरी आणायची लाज वाटली तुम्हाला. म्हणून देव करून तिथंच ठेवलीत."

ती कधीच गेली नाही.

अजूनही दर हिवाळ्यात शिराइसोच्या होड्या खडकाशी जातात. मुखियाच्या घराण्यातला माणूस गुडघ्यावर बसून भात ठेवतो. बाकी देवळांत टाळ्या वाजवून देवाला हाक मारतात. इथं कुणी टाळी वाजवत नाही. तिला हाक मारायचं तोंड आपल्याला उरलेलं नाही, असं म्हणतात.