गॅरेजची कोनशिला

“मग पाणी येतं कुठून?”

साटमसाहेबांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. खाडीकाठच्या मांगरात, आपल्या खोपीत बसलेले बाबल मेस्त होडीच्या सांध्यांत भरायची कापसाची वात मांडीवर वळत राहिले. ऐंशी वर्षांचे सुतार, उभा जन्म होड्या बांधण्यात गेलेला. गावात कुणाचं काही अडलं की माणसं त्यांच्यासमोर येऊन बसत.

“शटरला रबर लावलं. खिडक्यांच्या कडा सिलिकॉननं भरल्या. भिंत आणि जोत्याचा सांधा दोनदा लिंपला. सगळं गॅरेज बाहेरून फिरून फिरून तपासलं. तरी आत पाणी!”

“भायरसून बघलंस...” मेस्त म्हणाले.

“पाणी बाहेरूनच येतंय ना? मग आतून काय बघू?”

मेस्तांनी नवी वात घेतली.

दिगंबर साटम म्हणजे निवृत्त कार्यकारी अभियंता. तीस वर्षं धरणांवर काढलेली. नद्या अडवणाऱ्या माणसाला दारातला ओघळ अडवता येईना, यावर गावात काय काय बोललं जात होतं ते त्यांच्या कानावर येत होतं. पण खरं दुखणं ते नव्हतं.

गॅरेजात चाळीस गणपती होते.

गावातल्या शालन चिंदरकरची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची शेड, वादळात उडाली. वडील गेल्यानंतरचं तिचं हे पहिलंच वर्ष. साटमसाहेबांनी देवळात, सगळ्यांसमोर सांगितलं, “माझ्या गॅरेजात कर. एक थेंब आत आला तर नाव लावणार नाही!” थेंब कुठला, ओहोळच आला. कच्च्या मातीच्या मूर्ती. शालननं धावपळ करून त्या बाकांवर चढवल्या म्हणून वाचल्या. एका गणपतीचा उंदीर तेवढा विरघळला. पुढच्या पावसात बाकं खचली, तर चतुर्थीला चाळीस घरांतले पाट रिकामे. शालन त्यांना एका शब्दानं बोलली नव्हती. तेच त्यांना सोसवत नव्हतं.

तिनंच सांगितलं होतं, “काका, मेस्तांका इचारा.” म्हणून ते आले होते, आणि हा म्हातारा वाती वळत होता.

“जाऊ दे,” साटमसाहेब उठले. “हे बांधकाम आहे, मेस्त, होडी नव्हे. त्याच्या कोनशिलेवर माझं नाव आहे. तुमचं नाव आहे कुठं?”

बोलून गेले आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

मेस्तांनी खाडीकडे पाहिलं. आषाढातली रिकामी खाडी. होड्या सगळ्या काठावर, झावळ्यांखाली झाकलेल्या.

“श्रावण सरांदे. मगे सांगतंय.”

मग काठी घेतली.

“चल.”

*

त्या दिवशी उघडीप होती. मेस्त गॅरेजाच्या दारात उभे राहिले. बाकांवर चाळीस गणपती, रंगाची वाट बघत बसलेले.

“दाराक मातयेचो बांध घाल. आणि भितूर पाणी सोड.”

“आत?”

“भितूर. चार बोटां.”

शालनचा चेहरा उतरला. “आजोबा, माजे बाप्पा आसत हय!”

“ते वर आसत. पाणी खाली.”

“मेस्त,” साटमसाहेबांचा आवाज चढला, “पाणी बाहेर ठेवायचंय! आणि तुम्ही आत घालायला सांगताय?”

“होडी लोटुच्या आदी आमी तिच्यात पाणी भरतव.”

...

साटमसाहेब काठाकडे वळले. याच काठावर लहानपणी त्यांनी ते शंभरदा पाहिलं होतं. कोरड्या जमिनीवर होडी, होडीत पाणी, आणि बाहेरून वाकून तिच्या फळ्या बघणारी माणसं. का, ते कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी धोतरासारखी पँट वर खोचली आणि स्वतः माती कालवली. बांध घातला. पंपाची नळी आत सोडली. पाणी फरशीवर पसरलं, बाकांच्या पायांना भिडलं. शालननं डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि काय वाटलं कोण जाणे, गणपतीच्या अंगाचा गुलाबी रंग मूठभर घेऊन पाण्यात टाकला.

मेस्त पहिल्यांदाच हसले. “शाणी आसस.”

तिघं बाहेर आली. भिंतीला वळसा घातला.

शटरचा सांधा ठीक. मागची भिंत ठीक. खाडीकडची बाजू ठीक. साटमसाहेबांची मान हळूहळू ताठ होऊ लागली.

मग कोपरा आला.

जोत्यात बसवलेल्या काळ्या दगडाच्या कडांतून गुलाबी पाणी पाझरत होतं. दगडावर सोनेरी अक्षरं होती : श्री. दिगंबर भिवा साटम, कार्यकारी अभियंता (निवृत्त).

आयुष्यभर त्यांनी मंत्र्यांच्या नावाच्या कोनशिला बसवल्या. स्वतःच्या नावाची एकही नाही. म्हणून बांधून झालेल्या गॅरेजाचा चांगला चिरा फोडून ही एक बसवून घेतली होती. सोनेरी अक्षरांना सिलिकॉनचा डाग नको, म्हणून लिंपताना तेवढी एकच जागा सोडली होती.

...

शालन जमिनीकडे बघत राहिली.

“सापडलं!”

साटमसाहेब ओरडले. मोठ्यानं, आट्यापाट्यांत गडी बाद केल्यासारखे. “शालन, सापडलं गं! हेच ते!”

धावत जाऊन त्यांनी पहार आणली.

“ऱ्हव,” मेस्त म्हणाले. “कोणी तरी काढीत.”

“मी बसवली. मीच काढणार.”

दगड निघाला. मागं मुठीएवढी पोकळी होती, थेट आतपर्यंत गेलेली. साटमसाहेबांनी ती खरवडली, चिऱ्याचा तुकडा बसवला, माल ठेचून ठेचून भरला. मेस्त काठीचं टोक लावून दाखवत होते, हय दाब, आणखी दाब. अभियंतासाहेब दाबत होते.

दगड त्यांनी पालथा करून शालनला दिला. रंगाच्या वाट्या ठेवायला.

*

श्रावणात तीन दिवस पाऊस धरून राहिला. भिंतीबाहेर पाणी गुडघ्याला लागलं. तिसऱ्या सकाळी साटमसाहेबांनी शटर उचललं. शालन खाली बसली, तळवा फरशीवरून फिरवला आणि वर करून दाखवला.

तळव्यावर धूळ होती. कोरडी, गुलाबी धूळ!

साटमसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मात्र त्यांना अडवता आलं नाही, आणि त्यांनी अडवलंही नाही.

चतुर्थीला चाळीस गणपती बाहेर पडले, चाळीस उंदीर घेऊन. दर मूर्तीमागं मोरयाचा गजर, झांजा, आणि शालनचा सगळ्यांवर चढलेला आवाज. शेवटचा गणपती मेस्तांचा होता. तो साटमसाहेबांनी स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि खाडीपर्यंत वाहून नेला. मांगरात पाटावर बसवला. मग हात जोडून उभे राहिले, गणपतीसमोर की मेस्तांसमोर, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“मेस्त, त्या दिवशी मी विचारू नये ते विचारलं. तुमचं नाव कुठं आहे म्हणून... आज पुन्हा विचारतो. खरंच विचारतो.”

मेस्तांनी काठी उचलून खाडीकडे दाखवली. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. झावळ्या निघाल्या होत्या, आणि भरल्या खाडीत साठएक होड्या होत्या.

“बघ... तरंगतत.”