उंटाचा इंग्रजी सौदा

भोपळेराजांना बिझनेस इंग्लिशचं असलं वेड लागलं की दरबारात कुणाची धडगत राहिली नाही! त्यात शेजारी टपलेला शब्दंभट. कुणी इंग्रजीत चुकलं की हा टाणकन घंटा वाजवणार!

प्रधानजी म्हणाले, "महाराज, उद्या मीटिंग मेक करू."

टाण! "मेक नाही, होल्ड! व्हा कोंबडा!"

सेनापती म्हणाले, "डील शट करून टाकू."

टाण! "शट दार करतात! डील क्लोज करतात!"

झाले दोन कोंबडे.

मग पागेतला रावजी चुकला. "महाराज, चाऱ्याची ऑर्डर पुट केली."

टाण! "प्लेस!" शब्दंभट किंचाळला.

"घोडे सोड आणि घरी जा!" राजे गरजले.

रावजीची पोरगी ठकी पुढे आली. "महाराज, बाबाला काढू नका ना!"

"बरं! आपला चावरा उंट जनावरं विकत घेणाऱ्या पिंटनसाहेबाला विकून दाखव. आजच! पण तोंडून एक जरी इंग्रजी शब्द चुकीचा आला, तर बाप घरी!"

"चूक नको, एवढंच ना?"

"एवढंच!"

शब्दंभट खूश. हिला ए-बी-सी पण येत नव्हती!

साहेब आला. शब्दंभटानं घंटा उचलली. ठकीनं कमरेचा रुमाल काढला, साहेबाच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं दाबली. बैलबाजारात भाव असाच ठरतो, जितकी बोटं तितके पैसे. साहेब कितीतरी बाजार फिरलेला! त्यानंही बोटं दाबली. ठकीनं मान हलवली, नाही! साहेबानं आणखी एक बोट दाबलं. ठकी हसली. साहेब हसला. उंटाची दोरी त्याच्या हातात!

शब्दंभट घंटा धरून तसाच.

"अगं, पण इंग्रजी?" राजे ओरडले. "कुठलं क्रियापद वापरलंस?"

"एकपण नाही, महाराज! विचारा भटजींना, कुठं चुकले?"

शब्दंभटानं हळूच घंटा पाठीमागे लपवली.

"आणि बोलून भाव केला असता," ठकी म्हणाली, "तर सगळ्यांनी ऐकला असता. उद्या दुसरं गिऱ्हाईक म्हणालं असतं, मलापण तेवढ्यालाच द्या!"

राजे इतके हसले की मुकुट मांडीत पडला. कोंबडे झालेले प्रधानजीपण फिसकन हसले!

रावजी झाला पागेचा मुख्य. ठकीला मिळालं पांढरं शिंगरू. आणि शब्दंभट? त्याला पागेतच नेमलं, घोड्यांना इंग्रजी शिकवायला!