खंडेनवमीला उतरवलेली पाटी

आश्विन शुद्ध नवमी, शुक्रवार. चार दिवसांपूर्वी पावसाने उघडीप दिली होती आणि सांगलीत सकाळी नऊलाच ऊन चटके देऊ लागले होते.

त्या दिवशी एका वृद्ध लेखापरीक्षकाकडे त्याची जुनी शिष्या आली. तिचे नाव वृंदा शेटे. सी.ए. होण्यापूर्वीची उमेदवारीची तीन वर्षे तिने हळबे सरांच्या हाताखाली काढली होती. पुढे ती पुण्याच्या एका मोठ्या फर्ममध्ये लागली आणि पंधरा वर्षे तिथेच राहिली. दसऱ्यासाठी ती माहेरी आली होती.

सर दारातल्या स्टुलावर उभे राहून आपल्या नावाची पितळी पाटी उतरवत होते. दर खंडेनवमीला ते हेच करीत. त्या दिवशी सुतार करवतीची पूजा करतो, शिंपी मशीनची. तशी सर पाटीची करतात, असे सगळे उमेदवार समजत आले होते.

"ये गं," आतून सरांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या. "तुझे सर आज बेकार आहेत. बोलून घे काय ते."

वृंदा बसली आणि तिने आपली अडचण सांगितली. फर्मने तिला भागीदार करायचे ठरवले होते. उत्तर सोमवारी द्यायचे होते. गेली काही वर्षे मात्र तिच्या मनात सगळे सोडून देण्याचा विचार घोळत होता. टॅक्स ऑडिटची मुदत संपली की कंपन्यांची येई, ती संपली की बँकांची. रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती.

"शाळेत माझ्या मुलीला विचारलं, आई काय करते," वृंदा म्हणाली. "तर म्हणाली, आईची मुदत असते."

काकू हसल्या, पण वृंदा हसत नव्हती, हे पाहून थांबल्या.

"मग अडलंय कुठे?" सरांनी विचारले.

"पंधरा वर्षं घातली, सर. आमच्या घराण्यात पहिली सी.ए. मी. बाबा अजून नव्या माणसाला माझं नाव सांगताना आधी सी.ए. म्हणतात. मी दोन्ही बाजू नीट मांडल्या आहेत. राहण्याची कारणं एकीकडे, सोडण्याची दुसरीकडे. प्रत्येकाला गुण दिलेत." तिने लॅपटॉप काढला. "बेरीज सारखी आली. मी तीनदा तपासलं. जुळतंय."

"जुळलं म्हणजे बरोबर, असं तुला मी शिकवलं होतं?"

"नाही, सर."

"मग?"

सरांनी तिच्या हातून लॅपटॉप घेतला, न उघडताच पूजेच्या पाटावर पितळी पाटीशेजारी ठेवला आणि त्यावर झेंडूचे फूल वाहिले. मग हात पुढे केला. "ओळखपत्र आहे पर्समध्ये?"

फर्मचे ओळखपत्र तिने गोंधळून काढून दिले. त्यांनी तेही पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिले.

"अहो सर, मला दुपारी एक मीटिंग..."

"पूजेला मांडलेलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं. उद्या सकाळी ये. तोवर तू कुणाची कोणी नाहीस."

"माझ्याकडे बघू नकोस," काकू म्हणाल्या. "एका वर्षी यांनी माझी कढई मांडली होती. दिवसभर दहीपोहे खाऊन राहिलो."

वृंदाने एका सहकाऱ्याला फोन करून मीटिंग सोपवली आणि ती घरी गेली. रागही आला होता थोडा. सल्ला मागायला आलेल्या माणसाचे सामान ठेवून घेणे हा कुठला सल्ला, असे तिला वाटत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती आपट्याची पाने घेऊन आली, दोघांच्या पाया पडली. पाटी अजून पाटावरच होती. स्टूल दाराशी, स्क्रू ड्रायव्हर सरांच्या हातात.

"काल काय केलंस?" सरांनी विचारले.

"दुपारभर झोपले. संध्याकाळी आईच्या बचत गटाच्या बायका आल्या होत्या. त्यांचा व्याजाचा हिशोब बसत नव्हता. त्यांना समजावत बसले. आई जेवायला हाका मारून दमली." ती थांबली. "बऱ्याच दिवसांनी असं बसले."

सर पाटाशी बसले आणि सावकाश बोलू लागले.

"सहकारी संस्थेच्या ऑडिटरची नेमणूक किती काळाची असते?"

"एका वर्षाची."

"पुढच्या वर्षी तोच हवा असेल तर?"

"सभेत पुन्हा ठराव लागतो. त्याची लेखी संमती लागते."

"आपण हे दुसऱ्यांच्या बाबतीत इतकं काटेकोर बघतो. ठराव नसेल तर कागदाला हात लावत नाही. आणि स्वतःची नेमणूक मात्र एकदाच, तरुणपणी, तीही जन्मभराची करून टाकतो. मी ही पाटी लावली तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. बऱ्याच वर्षांनी ध्यानात आलं की त्या तरुणाचा निर्णय मी नुसता पुढे ओढतो आहे. मला कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून वर्षातून एक दिवस ती उतरवतो. लावलेली पाटी काढायला धाडस लागतं, वृंदा, आणि आपल्याला ते जमत नाही म्हणून आपण तिथेच राहतो. उतरवलेली पाटी पुन्हा लावायला मात्र कारण लागतं. ते सापडतं का, एवढंच मी बघतो. तू सोडू का, असं विचारते आहेस. ते विचारू नकोस. काल तू मोकळी होतीस. आज कशाला संमती देशील, ते बघ."

"आणि कारण सापडलं नाही तर?"

"दोन वेळा नाही सापडलं. एकदा पाटी पुन्हा लागेपर्यंत दिवाळी उलटून गेली."

"लोक मला भेटायला यायला लागले," काकू म्हणाल्या. "म्हणाले, सर गेले, आम्हाला कळवलं नाहीत. हे आत चहा पीत बसलेले."

वृंदा हसली. मग तिने ते विचारले, जे तिला खरोखर छळत होते. "पण गेलेली पंधरा वर्षं, सर? ती वाया नाही का जात?"

"फेरनेमणूक झाली नाही, म्हणून ऑडिटरचे मागचे अहवाल रद्द होतात का?"

"नाही. ते त्या त्या वर्षाचे असतात. कायम राहतात."

"मग हिशोब तुला येतो."

सरांनी लॅपटॉप किंवा ओळखपत्र तिच्या हातात दिले नाही. "आपलं आपण उचलायचं," एवढेच ते म्हणाले आणि पाटी घेऊन दाराकडे गेले. वृंदाने स्टूल धरले. आपल्याला पुण्यातल्या त्या केबिनमध्ये आज नव्याने कोणी बोलावले असते तर आपण गेलो नसतो, आणि त्या बायकांच्या वह्यांसाठी मात्र कोणी न बोलावताही बसलो, हे तिला तिथे उभ्या उभ्या स्पष्ट दिसले. तिने ते सरांना सांगितले नाही. त्यांनी विचारलेही नाही.

सोमवारी वृंदाने भागीदारी नाकारून राजीनामा दिला. नोटिशीचे तीन महिने पूर्ण करून ती जानेवारीत बाहेर पडली. एप्रिलपासून पुण्यातल्या घराच्या एका खोलीत ती पतसंस्था आणि बचत गटांचे काम करते. पहिल्या वर्षी तिचे उत्पन्न पूर्वीच्या एक तृतीयांश झाले.