नाव कापलेली गोधडी

गडहिंग्लजची रेवती तेरदाळ गोधड्या शिवायची आणि त्यांचे फोटो फेसबुकवर टाकायची. शोरूमवाले जयसिंगराव तिचं नाव कापून तेच फोटो आपल्या पेजवर टाकत. व्यापारी मेळाव्यात त्या पेजला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा रेवतीने भर मांडवात जाब विचारला.

"ताई, ही चोरी नव्हे," जयसिंगराव हसले. "चांगलं दिसेल ते उचलायचं आणि पुढे पाठवायचं. यालाच शेअर करणं म्हणतात."

रेवतीने त्यांच्यासमोरची बक्षिसाची ढाल उचलली आणि मागच्या रांगेत पाठवून दिली.

"अहो, त्यावर माझं नाव आहे!"

"फोटोंवर माझंही होतं. स्वतःचं नाव गेलं की मगच चोरी कळते, साहेब."

मांडवात हशा पिकला. संध्याकाळी तिने फोन उघडला. जयसिंगरावांच्या पेजवर तिचं तेच वाक्य सुविचार म्हणून झळकत होतं आणि खाली नाव होतं जयसिंगरावांचं.